मतांचं साटंलोटं

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. गोष्टींची पुस्तकं नंतर आली. मिरजेत असताना बाबा महिन्याला एखादं तरी पत्रक काढायचे. कधी नळाच्या पाण्यावर, कधी कॉलेजच्या फीवर, कधी जबरदस्तीच्या वर्गणीवर. घड्या घालायला मला बसवायचे. घडी घालता घालता जे दिसेल ते वाचायचं, न कळलेलं विचारायचं. त्यामुळे 'बदक' लिहिता येण्याआधी मला 'निषेध' लिहिता येत होता.

मी आठ वर्षांची असताना आईला ॲन आर्बरच्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. बाबांनी लोणच्याच्या बरण्या मागे ठेवल्या आणि एक अख्खी बॅग जुन्या पत्रकांची आणली. विमानतळावर तपासणीच्या माणसानं बॅग उघडून, हे काय, असं विचारलं तेव्हा बाबांनी त्यातलं एक त्याच्या हातात ठेवलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि नीट घडी घालून परत दिलं. बाबांच्या मनात अमेरिकेविषयी जो काही थोडा आदर आहे, तो त्या घडीपासूनचा.

इथे त्यांना एका फोटोकॉपीच्या दुकानात काम मिळालं. मालक उरलेला रंगीत कागद घरी नेऊ द्यायचा. म्हणजे देश बदलला, काम तेच राहिलं, फक्त पत्रकं पिवळी आणि गुलाबी झाली. 'फुटपाथवरचा बर्फ कोणाचा?' हे त्यांचं पत्रक आमच्या गल्लीत तीन हिवाळे फिरत होतं. पत्रकाखाली स्वतःचं नाव आणि पत्ता असलाच पाहिजे हा त्यांचा एकमेव नियम. खाली नाव नसेल तर ते पत्रक नव्हे, ती अफवा.

आई पुढे इथली नागरिक झाली. मी तेव्हा अठराच्या आत होते, म्हणून तिच्या पदराला धरून मीही झाले. बाबा झाले नाहीत. शपथ घेताना आधीच्या देशाशी असलेली निष्ठा सोडल्याचं सांगावं लागतं. ते त्यांना जमेना. एरवी आयुष्यात सोयीपुरतं थोडं खोटं बोलतात ते, पण छापील खोटं बोलायची त्यांची तयारी नव्हती. त्यामुळे २००४ सालच्या शरदात आमच्या घरात तीन माणसं, तीन पक्ष आणि दोन मतं होती.

मी वीस वर्षांची होते आणि राष्ट्राध्यक्षासाठी पहिल्यांदाच मत देणार होते. मोठ्या पक्षांचे दोन उमेदवार होते आणि माझ्या मते ते दोघंही इराकमधलं युद्ध चालूच ठेवणार होते, एक मान वर करून आणि दुसरा मान खाली घालून. तिसरा, एका छोट्या पक्षाचा, म्हणत होता की सैनिकांना घरी आणा. तो निवडून येण्याची शक्यता नव्हती. त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. ज्याची अनामत जप्त होते तोच खरा उमेदवार, अशा घरात मी वाढले होते.

आईचं मत वेगळं. ती प्रयोगशाळेतून आली की बूट काढता काढता म्हणायची, "निवडून आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाईल अशा माणसाला मी मत देते. तुझा तिसरा गोंधळून घरीच बसेल."

पण खरी अडचण आमच्या राज्याची होती. इथे राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला काही मतं असतात आणि बहुतेक राज्यं ती सगळी एकगठ्ठा आपल्याकडे जिंकणाऱ्याला देऊन टाकतात. कॅलिफोर्निया कुणाकडे जाणार हे उन्हाळ्यातच सगळ्यांना ठाऊक होतं. आमचं मिशिगन मात्र काठावर. त्यामुळे मिशिगनमध्ये राहून तिसऱ्याला मत देणं म्हणजे आपल्याच हातानं नको त्या माणसाला पुन्हा खुर्चीवर बसवणं, असं मला बसमध्ये, वर्गात, सायकल दुरुस्तीच्या दुकानात लोक समजावून सांगत. चार वर्षांपूर्वी फ्लोरिडात काही लोकांनी तिसऱ्याच उमेदवाराला मतं दिली आणि पाचशे-साडेपाचशे मतांनी सगळी निवडणूक गेली, त्याची आठवण तर प्रत्येक जण करून द्यायचा, जणू तिथली निवडणूक मीच बुडवली होती. मी तेव्हा सोळा वर्षांची होते हे सांगूनही उपयोग नसायचा.

आम्हा पाच-सहा जणांचा एक गट होता. विद्यापीठाच्या मधल्या चौकात आम्ही तिसऱ्याचा प्रचार करायचो. त्यासाठी मी एक पत्रक लिहिलं, इंग्रजीत. मथळा होता, 'भीतीपोटी मत देऊ नका'. बाबांनी त्यातली चार विशेषणं काढली, एक स्वल्पविराम परत घातला आणि पिवळ्या कागदावर तीनशे प्रती काढून आणल्या. खाली माझं नाव आणि पत्ता. मला इतका आनंद नागरिकत्वाचा कागद मिळाल्यावरही झाला नव्हता.

आणि मग रविवारी मावशीचा फोन आला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते. काका चिपच्या कंपनीत इंजिनीअर आणि मावशी लहान मुलांच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गात तिच्या जोडीला काम करणाऱ्या बाईंचा मुलगा इराकमध्ये होता. त्या बाई वर्गात मोबाइल ॲप्रनच्या खिशात ठेवायच्या आणि तो वाजला की आधी खुर्चीवर बसायच्या, मग उचलायच्या. मावशीनं हे मला दोन-तीनदा सांगितलं होतं. सध्याचा राष्ट्राध्यक्ष जावा एवढंच तिला हवं होतं, आणि त्याला घालवू शकेल असा माणूस एकच होता, दुसऱ्या मोठ्या पक्षाचा. तो मला पसंत नाही हे तिला आईकडून कळलं होतं.

"तुला तुझ्या त्या तिसऱ्याला एक मत मिळाल्याशी मतलब ना?" मावशी म्हणाली. "मग ते मिशिगनचंच कशाला हवं? मी देते त्याला इथून. आमच्याकडे सगळं ठरलेलंच आहे, माझ्या मतानं काही बिघडत नाही. तू तिथून माझ्या माणसाला दे."

मी म्हटलं, मावशी, हे असं करतात का?

"साटंलोटं म्हणतात याला. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. आपल्या आजीच्या माहेरी चार लग्नं अशी झाली. चारही टिकली."

मी दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत मी इंटरनेटवर पाहिलं तर देशभर अनोळखी लोकही अशीच अदलाबदल करत होते, काठावरच्या राज्यातला एक आणि ठरलेल्या राज्यातला एक. पैशाची देवघेव नाही, सही नाही, नुसता शब्द. माझी तर सख्खी मावशी होती. हिशेब मला पटला. तिसऱ्याला मत मिळणार होतं, मावशीच्या सोबतिणीच्या पोराची परत यायची शक्यता तसूभर वाढणार होती. मंगळवारी मी फोन करून हो म्हटलं. मावशी म्हणाली, सुपारी फुटली असं समज.

बाबांना हे मी जेवताना सांगितलं. ते आमटी ओरपत होते, थांबले.

"मत उसनं देता येत नाही," ते म्हणाले.

मी हिशेब मांडला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला, आणि हिशेब बरोबर आहे म्हणाले. पण भाजीवाल्याचाही हिशेब बरोबर असतो, म्हणून कुणी त्याला मत देत नाही. आई म्हणाली, भाजीवाला उभा राहिला तर मी देईन. बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांची खरी हरकत वेगळीच होती. ती पिवळी पत्रकं. मी तिसऱ्याला मत देणार नसेन तर 'भीतीपोटी मत देऊ नका' असं खाली नाव घालून लोकांच्या हातात कसं ठेवणार?

मी म्हटलं, माझं मत त्यालाच जाणार आहे, फक्त कॅलिफोर्नियाहून. "मग तसं छाप," बाबा म्हणाले.

छापायला कागद उरला नव्हता. शेवटी मी तीनशेच्या तीनशे पत्रकांवर खाली पेनानं लिहिलं: 'मी स्वतः माझं मत माझ्या मावशीशी बदललं आहे. विचारा, सांगते.' दोन संध्याकाळी गेल्या, बोट सुजलं. गटातल्या दाढीवाल्या संशोधक विद्यार्थ्यानं ते वाचलं आणि मला तत्त्वशून्य म्हटलं. वर, निदान गुपचूप तरी करायचं, असंही म्हणाला. गंमत म्हणजे त्या ओळीनंतर माझी पत्रकं लोक खरोखर वाचायला लागले. छापलेल्या भागाकडे कुणी बघायचं नाही. पेनाची ओळ वाचायचे आणि थांबून विचारायचे, मावशीशी म्हणजे? एका म्हाताऱ्या बाईंनी तर मावशीचं आणि आईचं पटतं का हेही विचारून घेतलं.

असे आठवडे गेले. मतदान मंगळवारी होतं. त्याआधीच्या रविवारी दुपारी मावशीचा नेहमीच्या वेळी फोन आला, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"अगं, घोळ झालाय."

ती आणि काका टपालानं मत द्यायचे. मतपत्रिका घरी येते, ती भरायची, पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची आणि पाठवायची. आता त्यांच्या घरची रीत सांगायला हवी. मराठी घरांत ती नवी नाही. घरातले सगळे फॉर्म काका भरतात. टॅक्सचे, विम्याचे, पासपोर्टचे, डॉक्टरकडचे. मावशीची जन्मतारीखही काकाच सांगतात. ते काळ्या शाईनं, ठळक अक्षरांत, एकही खाडाखोड न करता भरतात आणि मग मावशीसमोर धरून म्हणतात, इथे सही कर. मावशी करते. तशीच तिनं दहा दिवसांपूर्वी, एका हातात झारा असताना, एका पाकिटावर केली होती. तिला वाटलं, गाडीच्या विम्याचं असेल. आज तिनं काकांना सहज विचारलं की यंदा मतपत्रिका अजून कशी आली नाही. काका म्हणाले, "झालं की तुझं. भरलं मी. दोन्ही बॅगेत आहेत, मंगळवारी ऑफिसला जाताना केंद्रावर टाकतो."

त्यांनी अर्थातच दोन्हीकडे मावशीच्या त्या मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला मत दिलं होतं. साट्यालोट्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की आता मी मोकळी झाले. सोयरीक तिकडून मोडली. माझं मत माझ्याकडे परत आलं, आणि मी मंगळवारी ताठ मानेनं तिसऱ्याला देऊ शकत होते. मला बरं वाटलं. तेवढ्यात मावशी म्हणाली, "तुझं सोड, तू दे तुला हवं त्याला. मी वेगळाच विचार करतेय. ही माझी तिसरी निवडणूक. मागच्या दोन्ही वेळी मी सहीच केली होती, बाई. मला आठवतच नाही की मी कधी भरलंय ते."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. पैशांचं पाकीट हरवल्यावर आपण कुठे कुठे गेलो ते माणूस आठवत बसतं, तशी ती बोलत होती.

मी म्हटलं, मग काकांना सांग. ती म्हणाली, काय सांगू? इतक्या वर्षांत त्यांनी एक फॉर्म चुकवला नाही. त्यांना लागेल. आणि आता उपयोग काय, भरून झालं, सही झाली. शिवाय कॅलिफोर्नियात एका मतानं काय होतं.

तेव्हा फोनमध्ये तिसरा आवाज आला. बाबा आतल्या खोलीतल्या फोनवरून ऐकत होते. ते नेहमीच ऐकतात.

"परत करता येतं," बाबा म्हणाले. "पाकीट टाकलं नसेल तर मंगळवारी केंद्रावर न्यायचं, त्यांना परत करायचं आणि तिथेच नव्यानं मत द्यायचं. पुस्तिकेत आहे."

कॅलिफोर्निया सरकार प्रत्येक मतदाराला निवडणुकीची जाडजूड पुस्तिका पाठवतं. ती मावशीकडे कुणी उघडत नाही. बाबांनी मात्र आमच्याकडे पाठवून दे म्हणून तिच्याकडून मागवून घेतली होती, कारण फुकट मिळणारी कुठलीही छापील गोष्ट ते सोडत नाहीत. आपल्याला मत नसलेल्या देशातल्या, आपण राहत नसलेल्या राज्याचे नियम त्यांनी पेन्सिलनं खुणा करत वाचले होते. आता ते पान शोधून त्यांनी तो परिच्छेद मावशीला वाचून दाखवला, दोनदा, दुसऱ्यांदा सावकाश.

"भावोजी, पण तुम्हाला तर हे साटंलोटं मान्य नाही," मावशी म्हणाली.

"नाहीच मान्य. तू कुणाला द्यायचंस ते मी बोलतच नाहीये. पण पाकीट मागायला कसली लाज? चोरायचं नाहीये, मागायचंय."

मावशी बघते म्हणाली. मराठीत बघते याचा अर्थ बहुधा नाही असा असतो. पण जाता जाता तिनं मला विचारलं की ती गेलीच, तर माझी बाजू पक्की आहे ना. मी हो म्हटलं. म्हणजे माझं मत दोन मिनिटं माझ्याकडे राहून परत गेलं. तिनं सांगितलं की शाळा सुटल्यावर चार वाजता जमलं तर जाईन आणि तिथूनच फोन करीन. तिचे चार म्हणजे आमचे सात. आमचं मतदान आठला बंद.

सोमवारी तिचा फोन नाही. आई म्हणाली, करू नकोस तूही, तिचं तिला करू दे.

मंगळवारी मी शेवटचं पत्रक वाटून साडेसहाला आमच्या केंद्रावर, एका शाळेच्या व्यायामशाळेत पोचले. रांग दारातून बाहेर, सायकली ठेवायच्या जागेपर्यंत गेली होती. थंडी होती, पण सगळ्यांचा मूड चांगला होता. कुणीतरी डोनट वाटत होतं. मी खिशात मोबाइल घट्ट धरून उभी राहिले. सात वाजले. सव्वासात झाले. माझा नंबर जवळ आला तशी मी मागच्या माणसाला म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. त्याच्या मागच्या जोडप्यालाही म्हटलं. त्यांना वाटलं मी फार सुसंस्कृत आहे. साडेसातला माझ्या मागे फक्त एक मुलगी उरली, आणि तिला पुढे व्हा म्हटल्यावर ती म्हणाली, "तू ठीक आहेस ना?"

फोन वाजला नाही. दाराशी बसलेल्या बाईंनी तो बंद करायला लावला.

मला मतपत्रिका मिळाली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिले. मावशीच्या माणसाचं नाव वर होतं आणि तिसऱ्याचं दोन बोटं खाली. खुणेची जागा दोघांपुढे सारख्याच आकाराची. मावशी गेली असेल का? काकांकडे पाकीट मागणं तिला जमलं असेल का? नसेल तर माझ्या या मतानं तिसऱ्याला काहीच मिळणार नव्हतं आणि माझं पहिलं मत मला न आवडणाऱ्या माणसाला जाणार होतं. मी खाली खूण केली असती तर कुणालाही कळलं नसतं. माझी तीनशे पत्रकं, माझं नाव, पत्ता, सुजलेलं बोट, यातलं काहीही त्या कागदावर नव्हतं. मी पेन खालच्या नावावर नेलंही. पण मावशी जर त्या क्षणी तिकडे रांगेत उभी असेल, तर ती मी इथे काय करतेय हे बघू शकत नव्हती, आणि तरी उभी होती. तिनं फोन केल्यावरच मी शब्द पाळणार असेन तर तो शब्द कसला, ती पावती झाली. मी वरची खूण भरली. रागानं भरली, त्यामुळे ती जरा जास्तच काळी झाली.

घरी आले तर बाबा टीव्हीसमोर पुस्तिका मांडीवर घेऊन बसले होते. काय केलंस असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून चहा ठेवायला उठले.

पावणेनऊला फोन वाजला.

"गेले होते," मावशी म्हणाली, आणि मग धबधबा. सकाळी चहाच्या वेळीच तिनं काकांना सांगून टाकलं होतं की बाकीचे फॉर्म तुमचे, हा माझा. काका म्हणाले, चुकलंय का काही? तिनं म्हटलं, काही चुकलं नाहीये, तुम्ही छान भरलंय, पण द्या. त्यांनी दिलं. संध्याकाळी तेच तिला गाडीतून घेऊन गेले. त्यांचं केंद्र कुणाच्या तरी घराच्या गॅरेजमध्ये होतं, एका बाजूला गवत कापायचं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला मतदानाची दोन यंत्रं. नियम बाबांनी वाचला तसाच निघाला. मग स्क्रीनवर बोट लावत बसली ती. राष्ट्राध्यक्ष एका मिनिटात झाला, पण त्याखाली शाळांचे, इस्पितळांचे, तुरुंगांचे पानंच्या पानं प्रश्न होते. ते तिनं सगळे वाचले. एकेक. मागची माणसं उसासे टाकत होती, तरी वाचले. पाऊण तास लागला, म्हणून फोन राहिला.

"ते सगळं ठीक," मी म्हटलं. "पण दिलंस ना तिसऱ्याला?"

"ते नाही सांगणार," मावशी म्हणाली.

मी जवळजवळ ओरडलेच. आपलं ठरलं होतं, मी इथे थंडीत अर्ध्या गावाला पुढे जाऊ दिलं, शेवटी तुझ्या माणसाला दिलं, आणि तू सांगणार नाहीस? ती अगदी गोड आवाजात म्हणाली की ठरलं होतं ते तिच्या लक्षात आहे, पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं मत दिलंय, ते एक दिवस तरी एकटीकडे राहू दे. आतल्या फोनवरून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. आई मात्र माझ्या शेजारी उभी राहून बहिणीच्या बाजूनं जोरजोरात मान डोलवत होती.

मग मावशी म्हणाली, थांब, काका काहीतरी म्हणतायत. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"अगं," काका हळू आवाजात म्हणाले, "गॅरेजपासून घरापर्यंत विचारतोय. तुला तरी काही बोलली का ती?"

मी मिनिटापूर्वी तोच प्रश्न ओरडून विचारला होता.

"नाही काका," मी म्हटलं. "आणि तुम्हीही विचारू नका आता."